येणे बाकी

दौलतगंजातल्या विहिरीच्या गणपतीची
जुनी वही वाचायला मुळ्ये वकिलांनी बोलावलं.
जमिनीचा खटला. मोडी येणारी
लष्करात आता मी एकटीच उरले असेन,
फार तर दोघं.
पानामागे ऐंशी रुपये, चहा वेगळा.

लाल बासन. वाळवीनं कुरतडलेल्या कडा.
तेल, वाती, नगाऱ्याचं कातडं,
पुजारी उशिरा आला म्हणून कापलेले दोन आणे.
मग बासष्टाव्या पानावर

शके १७९१, ज्येष्ठ वद्य चतुर्थी.
मूर्त गणपतीची एक, गोकुळ पाथरवट यासी
ठरले रुपये अकरा, पैकी पावते सात.
रात्रौ विहिरीत सोडावयास माणसे चार,
त्यांस गूळ-फुटाणे, सहा आणे.

आणि खाली, पंधरा दिवसांनी, त्याच वळणदार हातानं:
मूर्त प्रकटली. पेढे, रुपये चौदा.

मी दोनदा वाचलं.
पंखा वहीची पानं उलटू बघत होता,
मी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

वकील म्हणाले, हे पान राहू द्या.
आपण शिकलेली माणसं, आपलं निभतं.
बाहेर जी रांग आहे ना,
तिला नाही सोसायचं.

लाज याची वाटली
की त्यांच्या आधी क्षणभर
मलाही अगदी हेच वाटलं होतं.

आणि मी त्या रांगेतलीच.
अविनाश जयारोग्यमध्ये होता तेव्हा
सतरा चतुर्थ्या उभी होते, उन्हात, अनवाणी.
नाकातली चमकी याच सोंडेपुढे वाहिली.
तो गेला. चमकी परत मागितली नाही.
तेव्हा कुणी हे पान वाचून दाखवलं असतं तर?
मी त्याच्या तोंडावर दार लावलं असतं.
किंवा नसतं. खरंच सांगता येत नाही.
पण दार माझं होतं,
लावायचं की उघडायचं ते मी ठरवलं असतं,
मुळ्ये वकिलांनी नव्हे.

वडील म्हणायचे, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं.
दिन आणि दीन एकाच अंगानं लिहितात.
मजकूर वाचणाऱ्याच्या दयेवर असतो बाई,
तेव्हा आधी आपले हात धुऊन बसावं.

मी बासष्टावं पान उतरवलं. पूर्ण.
वकिलांनी ऐंशी रुपये कमी दिले.

बाहेर रामश्री गजरे ओवत बसलेली,
तिची सासू इथेच बसायची, सासूची सासूही.
क्या निकला बाई, पोथी में?
ऊन असं की स्वर्णरेखेच्या नाल्याचा वासही वाळून गेलेला.
मी तिच्या पोत्यावर टेकले
आणि सांगितलं,
मोडीतून मराठीत, मराठीतून हिंदीत,
अडखळत, फुटाण्यांसकट.

ती सुई न थांबवता ऐकत होती.
मी तिचा चेहरा बघत होते,
काही तरी कोसळेल म्हणून
हात पुढे करायच्या तयारीत.

ग्यारह कहे थे?
हो.
और दिए सात?
सात.

सुई थांबली.
बाकी के चार? आगे लिखा होगा।
पुढची पानं नाहीत, मी म्हटलं. वाळवी.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग दुर्वांची जुडी उचलून
आतल्या देवाकडे बघितलं,
जसं उधारीवर माल नेणाऱ्याच्या
जामिनाकडे बघतात.
ना रागानं, ना भक्तीनं. ओळखीनं.
जुडी आत पाठवली, रोजच्यासारखी.
आणि एक गजरा ओवून
पाट्याखाली ओल्या फडक्यात बाजूला ठेवला.

ये किसका?
मी विचारलं नाही.

घरी येऊन प्रत पुन्हा तपासली.
शेवटी माझ्या हातानं एक ओळ जास्तीची पडली होती,
मूळ वहीत नसलेली.
नियमाप्रमाणे खोडायला हवी.
अजून खोडलेली नाही:

गोकुळ पाथरवट, येणे बाकी रुपये चार.